सोन्याची दूर्वा आणि पाण्यातले देव

सिंगापुरात, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, सहाव्या मजल्यावर, देव पाण्यात होते. अगदी शब्दशः. स्टीलच्या पातेल्यात रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि चांदीचा छोटा गणपती असे तिघं बुडून बसले होते, आणि पातेलं ओट्यावर राइस कुकरच्या शेजारी होतं. सोन्याची दूर्वा सापडल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नाही, असं संजीवनीबाईंनी जाहीर केलं होतं. संजीवनीबाई म्हणजे नंदाच्या सासूबाई. त्यांनी जाहीर केलेली गोष्ट मागे घेतल्याचं घरात कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

देवांवर ही पाळी आली ती घरच्या कर्त्या पुरुषामुळे. घरात दीड दिवसाचा गणपती. शाडूची मूर्ती लिटल इंडियातून येते, विसर्जन बाल्कनीत बादलीत होतं, आणि ते मातीचं पाणी मग कुंड्यांत जिरतं. इथवर सगळं सुरळीत. अडचण असते ती निर्माल्याची. स्वयंपाकघरालगतच कचऱ्याची शूट आहे, झाकण उघडायचं आणि सोडून द्यायचं. पण जिथून माशांची डोकी आणि पोराटोरांचे डायपर खाली जातात तिथून बाप्पाची फुलं जाणार नाहीत, हा संजीवनीबाईंचा इथे राहायला आल्याबरोबर दिलेला निकाल. तेव्हापासून विसर्जनानंतरच्या पहाटे नंदाचा नवरा प्रबोध ट्रॅकपँट चढवतो, निर्माल्याची पिशवी आणि घरातलं उलथनं घेऊन खाली उतरतो आणि इकडेतिकडे बघत कॉन्डोच्या बागेत चाफ्याच्या झाडाखाली सगळं पुरून येतो. बागेत रहिवाशांनी खणायला सक्त मनाई आहे. हा प्रबोध एका मोठ्या बँकेत कम्प्लायन्सचा प्रमुख आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना 'हे चालणार नाही' असं सांगणं हा त्याचा धंदा. वर्षाकाठी तो एवढा एकच गुन्हा करायचा, पण मन लावून करायचा.

यंदा निर्माल्याबरोबर सोन्याची दूर्वाही पुरली गेली. संजीवनीबाईंच्या सासूबाईंनी घडवून घेतलेली, एकवीस पात्यांची, करंगळीएवढी जुडी. खऱ्या दूर्वांमध्ये खोवून ती बाप्पाला वाहायची आणि उत्तरपूजा झाली की आठवणीने काढून घ्यायची, अशी घरची रीत. काढून घ्यायचं काम प्रबोधचं. नेमका त्या क्षणी त्याला ऑफिसचा फोन आला. एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने त्याने बाप्पाच्या अंगावरचं सगळं पिशवीत लोटलं, वर पलीकडच्या माणसाला 'एकेक गोष्ट नीट तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही' असं बजावलंही.

पिशवी पुरली त्या दिवशी संध्याकाळी चांदीची भांडी पुसून ठेवताना दूर्वा नाही हे नंदाच्या लक्षात आलं. प्रबोध धावत खाली गेला, आणि तसाच परत वर आला. त्याच दुपारी माळ्यांनी चाफ्याखालची माती उपसून बागेत सगळीकडे नव्या रोपांना घातली होती. दूर्वा आता तरणतलावापासून मागच्या कुंपणापर्यंत कुठेही असू शकत होती. संजीवनीबाई रडल्या नाहीत, की कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पातेलं मागितलं. देव पाण्यात गेलेले पाहून प्रबोधला भरून आलं आणि त्याने तिथल्या तिथे, दूर्वा सापडेपर्यंत चहा सोडल्याची शपथ घेतली. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, अशा माणसाची ही शपथ.

"मेटल डिटेक्टर घ्या लाह," इरा म्हणाली. इरा ही त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. ती फोनमधून डोकं वर न काढता, सिंगापुरी इंग्रजीत आणि वाक्याला तिथला 'लाह' जोडून, घरातले सगळे प्रश्न सोडवते. "सेकंडहँड गॉट प्लेन्टी. ईझी ओन्ली."

नंदाने हातातला तांब्या खाली ठेवला.

"बघू," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली. "एवढ्यापुरता घेऊ. दूर्वा सापडली की विकून टाकू."

"अर्थात," प्रबोध म्हणाला. "असलं यंत्र घरात ठेवून करायचंय काय?"

नंदा मिरजेची. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीमागे तिचं माहेर. त्या दुकानांपुढच्या धुळीत तारांचे बारीक तुकडे पडलेले असायचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडून तिने फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक पटकावलं होतं. ते सुतळीला बांधून ती गल्लीभर ओढत फिरायची. घरी येईपर्यंत त्या लोहचुंबकाला तारांची भरघोस दाढी आलेली असायची. बाकीच्या मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा ही आपला खजिना वर्तमानपत्रावर पसरून बसायची. सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही हे वडिलांनी सांगितलं त्या रात्री ती जेवली नव्हती.

पण मग मुलांच्या एका विज्ञान मासिकात तिने वाचलं, की ट्रान्झिस्टरच्या पाठीला कॅल्क्युलेटर बांधला आणि काटा दोन स्टेशनांच्या मधे कुठेतरी आणला, की धातूजवळ गेल्यावर त्याची गुणगुण बदलते. वडिलांचा ट्रान्झिस्टर आणि थोरल्या भावाचा कॅल्क्युलेटर यांचं तिने रबरबँडने लग्न लावून टाकलं. त्या जोडप्याने तिला घोड्याचा नाल मिळवून दिला, बंबाची पितळी तोटी दिली आणि एकदा भोकाचा पैसासुद्धा दिला. मिरजेखाली मोहरांचा हंडा आहे आणि तो आपल्यालाच सापडणार आहे, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून शेजारच्या जोशीकाकूंच्या तुळशीवृंदावनापाशी ट्रान्झिस्टर जोरात गुणगुणला तेव्हा तिने मागचापुढचा विचार न करता खणायला घेतलं. हंडा नव्हता, वृंदावनाच्या सिमेंटमधली सळई होती. तुळस आडवी झाली, तीही ऐन तुळशीच्या लग्नाच्या दिवशी. गल्लीभर बोंब झाली. आत्या म्हणाली, मुलीच्या जातीला उकिरडे उकरायची सवय बरी नव्हे. ट्रान्झिस्टर परत वडिलांच्या उशाशी गेला, आणि नंदा कॉमर्सला गेली.

पुढे सी.ए., लग्न, पुणे, सिंगापूर, पर्मनंट रेसिडेन्सी, असं सगळं शहाण्यासारखं पार पडलं. एका जहाज कंपनीच्या हिशेबात काय हरवलंय ते शोधून काढणं हे तिचं काम. ती ते चोख करायची, पण स्क्रीनवर सापडलेल्या गोष्टीला माती लागलेली नसते. आपण कधीकाळी हंडा शोधत होतो हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

डिटेक्टर क्लेमेंटी एमआरटीच्या, म्हणजे मेट्रो स्टेशनच्या, गेटपाशी मिळाला. विकणारा विद्यापीठातला एक संशोधक होता. वर्षभर तो सुट्टीच्या दिवशी समुद्रावर फिरला होता, कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या तेवढ्या त्याला सापडल्या होत्या आणि मैत्रीण सोडून गेली होती. "आंटी, डोन्ट स्टार्ट लाह," त्याने पैसे घेता घेता कळवळून सांगितलं. नंदाने मान हलवली आणि यंत्र छातीशी धरून बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी ती बागेत उतरली. कानांवर हेडफोन, कमरेला उलथनं. गवतावरून तिने यंत्राची थाळी हळूच फिरवली, आणि कानात ठणठणीत सूर वाजला. मिरजेच्या धुळीनंतर इतक्या वर्षांनी तो सूर ती पुन्हा ऐकत होती. तिने ढोपरांवर बसून खणलं. बिअरच्या बाटलीचं बूच निघालं. एक्कावन्न वर्षांची, चष्मा लावणारी, ऑफिसात जिला सगळे वचकून असतात अशी ती बाई त्या बुचाकडे बघून लहान मुलीसारखी हसली. ते तिने फेकलं नाही, खिशात टाकलं.

"मॅडम, धिस वन कॅनॉट," मागून आवाज आला.

मिस्टर क्वेक उभे होते. कॉन्डोच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष, सत्तरी उलटलेले, विधुर. बागेतल्या प्रत्येक पानावर त्यांची नजर असायची. नंदाला खोटं सुचेना, म्हणून तिने खरं ते सांगून टाकलं, की देवाचं सोन्याचं गवत हरवलंय आणि ते सापडेपर्यंत देव पाण्यात आहेत.

मिस्टर क्वेक गंभीर झाले. देवांशी आणि पितरांशी गाठ म्हणजे काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पितरांच्या महिन्यात, स्वतः तेही वाडवडिलांना कागदी मोटारी आणि कागदी आयफोन जाळून पाठवत असत. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. काही वर्षांपूर्वी बार्बेक्यूच्या जागी त्यांना जोराची शिंक आली होती. शिंकेबरोबर त्यांची धातूच्या तारेची अर्धी कवळी उडाली ती कायमचीच. नवी केली होती, पण ती टोचायची. जाता जाता तिकडे जरा यंत्र फिरवता येईल का?

दोन दिवसांत नंदाला ती कवळी जास्वंदीच्या कुंपणाच्या मुळाशी सापडली. मिस्टर क्वेक यांनी ती तिथल्याच नळाखाली धुतली आणि तिच्यादेखत तोंडात बसवली. नंदाने डोळे मिटून घेतले. "सेम सेम," ते समाधानाने म्हणाले. मग अध्यक्ष म्हणून त्यांनी निर्णय दिला. "डिगिंग कॅन. बट मस्ट कव्हर बॅक."

ही बातमी लिफ्टने वर गेली आणि सगळ्या मजल्यांवर उतरली. लोक यायला लागले. कुणाची गाडीची किल्ली, कुणाच्या कानातलं. नवव्या मजल्यावरची एक बाई हळूच येऊन सांगून गेली, की भांडणात तिने लग्नाची अंगठी बाल्कनीतून फेकली होती. सापडली तर कृपा करून वर आणू नये, आहे त्याहून खोल पुरून टाकावी. एका गृहस्थांचं कासव हरवलं होतं. कासव धातूचं नसतं असं नंदाने त्यांना समजावून सांगितलं, तरी ते "ट्राय लाह" म्हणत मागे मागे फिरत राहिले.

आणि संजीवनीबाईही खाली उतरल्या. गेली दोन वर्षं त्या लेकाकडे होत्या, पण देऊळ आणि डॉक्टर सोडले तर खाली यायचं त्यांना कारणच नसायचं. सगळे आपापल्या कामाला गेले, की त्या आणि खिडकी. आता सून खणते आहे म्हटल्यावर त्या रोज सकाळी छत्री घेऊन बागेतल्या बाकावर येऊन बसायला लागल्या. शेजारी मिस्टर क्वेक. त्या मराठीत बोलायच्या, ते होक्कीन या चिनी बोलीत. नंदाने कुठे खणायला हवं यावर दोघांचं बहुतेक वेळा एकमत व्हायचं.

एका सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, मागच्या कुंपणाच्या कडेला नंदाच्या कानात वेगळाच सूर आला. बुचाचा नव्हे, खिळ्याचा नव्हे. तो आवाज गोल, स्वच्छ आणि हलका होता. तिने उलथनं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती सारली. करंगळीएवढी जुडी, पात्यांत चिखल भरलेला, आणि चिखलातून पिवळंधमक सोनं.

आता खरं तर तिने ओरडायला हवं होतं. बाकावर सासूबाई होत्याच. देव बाहेर आले असते, नवऱ्याला चहा मिळाला असता.  पण तिला दिसत होतं ते एवढंच, की उद्या सकाळी गजर होईल, ती डबे भरेल आणि एमआरटीत उभी राहील, आणि हे यंत्र कुणीतरी दुसरंच घेऊन गेलेलं असेल. आयुष्यात पहिल्यांदा तिला खराखुरा खजिना सापडला होता, आणि त्याच क्षणी खेळ संपला होता. तिने जुडी रुमालात गुंडाळली, खिशात घातली, खड्डा बुजवला आणि थाळी फिरवत पुढे चालायला लागली.

"काही मिळालं का गं?" संजीवनीबाईंनी बाकावरून विचारलं.

"खिळा आहे, आई," नंदा म्हणाली.

घरी येऊन तिने दूर्वा नळाखाली नीट धुतली, पुसली आणि फडताळात अगदी मागे पडलेल्या हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली. तिला लाज वाटली का? वाटली, कान गरम होईपर्यंत वाटली. पण दुसऱ्या दिवशी गजराच्या आधीच जाग आली तेव्हा ती लाज अजून झोपलेली होती. त्या सकाळी तिला एक जुनं पितळी बटण सापडलं, आणि इतका आनंद तिला पदोन्नतीनेसुद्धा दिला नव्हता.

देव पाण्यातच होते. आणि मग डासांची तपासणी करणारा अधिकारी आला. तरुण, नम्र, हातात टॉर्च. डेंग्यूचे दिवस होते. साचलेलं पाणी दिसलं की त्याला थांबणं भाग होतं. बाल्कनीतल्या कुंड्या बघून झाल्या, न्हाणीघरं झाली, आणि मग तो ओट्यापाशी येऊन थबकला. त्याने पातेल्यात टॉर्च मारला. तळातून बाळकृष्णाने त्याच्याकडे पाहिलं.

"आंटी, व्हाय देअर इज वॉटर?" त्याने विचारलं.

"ग्रँडमा इज पुटिंग प्रेशर ऑन गॉड," इराने खुलासा केला. "अनटिल द गोल्ड ग्रास इज फाउंड, दे कॅनॉट कम आउट."

"त्याला सांग, पाणी मी सकाळ-संध्याकाळ बदलते," संजीवनीबाई कडाडल्या. "माझ्या देवांना मी डास चावू देईन का?"

इराने तेही सांगितलं. अधिकारी विचारात पडला. त्याच्या प्रशिक्षणात हे आलेलं नसावं. अखेर त्याने पाण्यात अळ्या नाहीत याची खात्री करून घेतली, देवांना ओझरता नमस्कार केला आणि दाराशी जाता जाता नंदाच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "देन बेटर फाइंड फास्ट, ओके?" तो म्हणाला. नंदाने जोरजोरात मान हलवली. फडताळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने तिकडे पाहिलंच, आणि आपण पाहिलं हे संजीवनीबाईंनी पाहिलं की काय, या विचाराने ती दिवसभर अस्वस्थ राहिली.

प्रबोधची दशा तर बघवत नव्हती. चहावाचून त्याचं डोकं ठणकायचं. ऑफिसच्या एका बैठकीत त्याने एका प्रस्तावाला चक्क पहिल्या झटक्यात 'चालेल' म्हटलं. तेव्हा त्याच्या हाताखालच्या लोकांनी काळजीने नंदाला फोन केला. त्या संध्याकाळी तो ओट्यापाशी स्टूल ओढून बसला होता, पातेल्याकडे बघत. नंदा कोथिंबीर निवडत होती.

"नंदा, चूक माझी होती," तो म्हणाला. "आणि तू रोज उठून माझ्यासाठी चिखलात बसतेस. तुझी नखं बघ काय झाली आहेत. इतक्या दिवसांत मी तुला एकदा विचारलंही नाही, दमलीस का म्हणून. तू आईपुढे माझी लाज राखते आहेस."

 पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं कधी बोलला नव्हता, आणि बोलायला त्याला हीच वेळ सापडली.  रडू यायला लागलं तेव्हा तिने मुकाट्याने कांदा कापायला घेतला. त्या रात्रीच तिने ठरवलं, बस झालं, शनिवारी दूर्वा सापडायची.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ती खाली गेली, चाफ्याखाली दूर्वा पुरली, वर एक पिवळं पान ठेवलं आणि घरी येऊन जाहीर केलं, की आज मन सांगतंय, सगळ्यांनी चला. सगळे आले. प्रबोध, इरा, छत्री घेतलेल्या संजीवनीबाई, जुन्या कवळीतले मिस्टर क्वेक, आणि कासवाचे मालकसुद्धा. नंदाने उगाच इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि सावकाश चाफ्यापाशी आली. थाळी पानावर धरली.

यंत्र गप्प.

तिने थाळी हलवली. तरी गप्प. तेव्हा तिला दिसलं की यंत्राचा दिवाच विझलेला आहे. बटणं शोधण्याच्या नादात बॅटरी कधीच संपली होती. सगळे टक लावून बघत होते.  आणि मग हिशेबात कधी एका पैशाची चूक न करणारी ती बाई सरळ बोट दाखवून म्हणाली, "इथे. इथेच खण."

"बट आई, इट नेव्हर बीप," इरा म्हणाली.

"मला ऐकू आला ना. हेडफोनमध्ये."

हेडफोन तिच्या गळ्यात लटकत होता. पण प्रबोध आधीच गुडघ्यांवर बसला होता. त्याने दोन्ही हातांनी माती उपसली, आणि दूर्वा निघाली तेव्हा तो मोठ्याने रडला. कम्प्लायन्सचा प्रमुख बागेच्या मधोमध, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, चिखलाच्या हातांनी डोळे पुसत होता. मिस्टर क्वेक यांनी टाळ्या वाजवल्या. कासवाचे मालक आशेने तो खड्डा आणखी खणायला लागले.

प्रबोधने दूर्वा आईच्या ओंजळीत ठेवली. संजीवनीबाईंनी ती कपाळाला लावली, मग डोळ्यांना लावली. नाकाजवळून जाताना त्यांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी एकदा नंदाकडे पाहिलं. "धुवायला हवी," एवढंच म्हणाल्या आणि छत्री उघडून चालायला लागल्या.

देव बाहेर आले. कोरड्या पंच्याने पुसून, गंध-फूल वाहून त्यांना देव्हाऱ्यात बसवलं. मोदक झाले, मिस्टर क्वेक यांच्या घरीही गेले. प्रबोधने इतका चहा घेतला, की रात्री त्याला झोप आली नाही. आणि रविवारी सकाळी इराने यंत्राचा फोटो काढून विकायला टाकला. तासाभरात गिऱ्हाईक आलं. संध्याकाळी सेरंगून एमआरटीच्या गेटपाशी द्यायचं ठरलं.

दुपारी घरात सगळे पडले होते. नंदा जेवणाच्या टेबलाशी बसून यंत्र पुसत होती. पुसून झालं होतं, तरी पुसत होती. तिला वाटत होतं की आपण पन्नाशी ओलांडली आहे, एका यंत्रासाठी डोळे भरून यावेत हे बरं दिसत नाही. डोळे भरून आलेच होते.

संजीवनीबाई समोर येऊन बसल्या. बाहेर जायची साडी, पायात इराचे जुने स्पोर्ट्स शूज.

"नंदा, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस मातीत पडलेल्या सोन्याला हिंगाचा वास कसा गं येतो?"

नंदाच्या हातातलं फडकं थांबलं.  ती उठली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेली.

"ऊठ. पाया पडायला वेळ नाही," संजीवनीबाई म्हणाल्या. "देवांना ताटकळत ठेवलंस, त्याचं तू आणि ते बघून घ्या. मला विचारशील तर दोन वर्षांत मी या देशात खिडकी सोडून काही पाहिलं नव्हतं. तू खणायला लागलीस, आणि मी खाली उतरले. कुणीतरी रोज सकाळी माझी वाट बघतंय, असं कितीतरी दिवसांनी झालं." त्यांनी यंत्र आपल्याकडे ओढून घेतलं. "आता हे कुणाला द्यायचं नाही. माझी पाटली हरवली आहे."

नंदाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटांत पाटल्या जागच्या जागी होत्या.

"कुठे हरवली, आई?"

"तो समुद्र आहे ना, इराने फोनवर दाखवला होता तो. ईस्ट कोस्ट. तिथल्या वाळूत."

"पण तुम्ही तिथे कधी गेलात?"

"गेले नाही ना अजून," संजीवनीबाई छत्री उचलत म्हणाल्या, "म्हणून तर हरवायची राहिली आहे. चल, त्या यंत्रात नवे सेल घाल."